बायकांची स्की: पायाखाली कशी वाटते आणि लांबी कशी ठरवावी

जागतिक चषकाच्या स्लॅलम, म्हणजे लहान-लहान वळणांच्या, शर्यतीत महिला खेळाडूची स्की किमान १५५ सेंटिमीटर लांब असावी लागते. डाउनहिलमध्ये, म्हणजे सर्वांत वेगवान शर्यतीत, हीच मर्यादा २१० सेंटिमीटर आहे. म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीची एखादी खेळाडू एका शर्यतीत नाकाशी येणाऱ्या स्कीवर उभी असते आणि दुसऱ्या शर्यतीत डोक्याच्या हातभर वर जाणाऱ्या स्कीवर. मधल्या काळात तिची उंची काही बदललेली नसते. बदलतो तो वेग, वळणांचा आकार आणि स्कीकडून करून घ्यायचं काम.

हे आधीच सांगायचं कारण असं, की स्की विकत घ्या नाहीतर भाड्याने, समोरून पहिला प्रश्न उंचीचाच येतो. उंचीवरून लांबी सांगणाऱ्या तक्त्यावर बोट फिरतं, ‘१६३ ना? मग १५२ची द्या’, आणि विषय संपतो. बायकांच्या बाबतीत हा निकाल बऱ्याचदा गरजेपेक्षा आखूड लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे. उंची मोजायला सोपी म्हणून ती विचारतात, एवढंच. स्कीला तुमची उंची कळत नाही. तिला कळतं तुमचं वजन, तुमचा वेग आणि तुम्ही तिला किती कलवता ते. म्हणून आधी स्कीचा स्वभाव ओळखायचा, लांबीचं मग बघायचं.

आधी वरून बघा, मग बाजूने

१९९०च्या आधी स्की निवडायची रीत म्हणजे हात डोक्यावर सरळ वर करायचा आणि मनगटाला टेकेल ती स्की उचलायची. मध्यम उंचीच्या बाईच्या वाट्यालाही १९०च्या आसपासची स्की यायची. १९९३ साली स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने एससीएक्स नावाची स्की आणली, तिची कंबर टोक-शेपटीच्या मानाने चांगलीच बारीक होती. तो आकार पुढे सगळ्यांनी उचलला आणि दहाएक वर्षांत स्कीची लांबी वीस-तीस सेंटिमीटरने उतरली.

आकाराने एवढा फरक का पडला, ते स्की वरून बघितली की कळतं. टोक रुंद, कंबर बारीक, शेपूट पुन्हा रुंद. स्कीवर १२७-८८-१०९ असे आकडे छापलेले दिसतात, ती हीच तीन मापं मिलिमीटरमध्ये. स्की कडेवर कलवली की टोक आणि शेपूट बर्फाला आधी टेकतात, कंबर अधांतरी राहते. मग तुमच्या वजनाने ती खाली दबते आणि अख्खी स्की वाकते. त्या वाकलेल्या कडेवरून घसरत जाणं म्हणजेच वळण. कंबर जितकी बारीक आणि टोकं जितकी पसरट, तितकं वळण लहान. ते किती लहान हे वळणाच्या त्रिज्येवरून समजतं, आणि हा आकडाही स्कीवर छापलेला असतो. बारा-तेरा मीटरची स्की पटापट वळायला बघते. सतराच्या पुढची स्की म्हणते, जरा वेग धर, मग बोलू.

कंबरेचा मधला आकडा एकटाही बरंच सांगतो. ७२ ते ८० मिलिमीटरची स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन जाते. यंत्राने दाबून सारख्या केलेल्या उतारावर, विशेषतः सकाळच्या कडक बर्फावर, तिची पकड घोट्यात जाणवते. पाय नुसता तिरपा केला तरी ती ऐकते. दुपारी त्याच उताराचे ढीग झाले की मात्र तीच स्की प्रत्येक ढिगाला धडकत जाते. ९५ ते १०० मिलिमीटरची स्की त्या ढिगांवरून बिनदिक्कत जाते, ताज्या भुसभुशीत बर्फात वर राहते, पण कडक उतारावर तिला कडेवर उभं करायला गुडघा आणि नितंबापासून जोर लावावा लागतो. दिवसभर असं केलं की संध्याकाळी गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला ते कळतं. ८४ ते ९०च्या मधल्या स्की दोन्हीकडे थोडं थोडं जमवतात. एकच जोडी ठेवायची असेल आणि बहुतेक दिवस दाबलेल्या उतारावर जाणार असतील, तर मी याच पट्ट्यात शोधायला सांगेन. ‘न जाणो, भुसभुशीत बर्फ मिळाला तर’ म्हणून १००ची घेणाऱ्या फार असतात, आणि मग वर्षभर कडक बर्फावर झगडत बसतात.

आता बाजूने. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. मध्ये फट दिसली तर तो कॅम्बर. स्की बर्फावर ठेवल्यावर मधला भाग वर उचललेला असतो, तुम्ही उभं राहिलात की तो दबतो आणि कडेचा दाब टोकापासून शेपटीपर्यंत पसरतो. आता दोन्ही हातांनी मध्यभागी दाबून ती फट मिटवा आणि टोकांकडे बघा. टोकं एकमेकींपासून लांब जातात का? किती आधीपासून? हा झाला रॉकर. काही स्कीमध्ये टोकाकडची वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबी अशी वर वळलेली असते, काहींत शेपूटही. सपाट बर्फावर तो भाग टेकतच नाही. मग स्कीवर १६५ लिहिलेलं असलं तरी कडक बर्फावर पकड धरणारी कड त्याहून पुष्कळ कमी भरते. लांबीचा घोळ खरा इथे होतो. टोकापासून शेपटीपर्यंत कॅम्बर असलेली १५८ आणि दोन्हीकडे वर वळलेली १६६, या दोन्हींची टेकणारी कड जवळपास सारखी निघू शकते. तक्त्याला हे दिसत नाही.

आत काय भरलंय

गाभा बहुधा लाकडाचा असतो. पॉप्लर आणि पाउलोनिया हलकी लाकडं, बीच आणि अ‍ॅश जड आणि चिवट. त्यावर फायबरग्लास, कधी कार्बन, आणि अनेक स्कीमध्ये टायटॅनल. नावावरून टायटॅनियम वाटतं, पण ते अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रधातू आहे. या धातूचा थर आला की स्की जड होते आणि शांत होते. शांत म्हणजे काय, तर खडबडीत बर्फावरून वेगात जाताना टोक थरथरत नाही, तळपायाला सारखी झिणझिण येत नाही. धातू नसलेली हलकी स्की उचलायला, फिरवायला सोपी, हळू वेगात खेळकर. पण वेग वाढला की टोक फडफडायला लागतं आणि कड बर्फावरून टकटक उडते.

दुकानात हाताने वाकवून बघतात तो लांबीच्या दिशेचा लवचिकपणा. त्याहून महत्त्वाचा आहे पिळाचा. टोक धरून स्की पिळायचा प्रयत्न करा. जी सहज पिळली जाते ती वळणात हळूच शिरते आणि चूक केली तर सोडूनही देते. पिळत नाही ती कड एकदा रोवली की रोवलीच, आणि तुमच्याकडून तितकीच नेमकी हालचाल मागते. नवशिकीला पहिली बरी, जिला कोरीव, म्हणजे कड बर्फात रोवून, वळणं घ्यायची आहेत तिला दुसरी. हा फरक छापील आकड्यांत कुठेच नसतो.

बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कीचं नक्की काय वेगळं असतं? सरसकट उत्तर नाही. काही कंपन्या पुरुषांचीच स्की वेगळ्या रंगात आणि आखूड मापांत देतात, आणि तसं उघडपणे सांगतात. ब्लॅक क्रोजची कॅमॉक्स बर्डी ही बांधणीने कॅमॉक्सच आहे. काही कंपन्या आतली भरणी बदलतात. नॉर्डिकाच्या पुरुषांसाठीच्या एन्फोर्सरमध्ये धातूचे दोन थर, तर तिची बहीण शोभणाऱ्या सांता आनाच्या अलीकडच्या पिढीत एकच, आणि स्की जितकी रुंद तितका तो थर कमी. ब्लिझार्डच्या ब्लॅक पर्लमध्ये लाकडाच्या पट्ट्यांची रचनाच वेगळी केली आहे. म्हणून ब्लॅक पर्ल ८८ ही त्याच कंपनीच्या, त्याच रुंदीच्या पुरुषांच्या ब्राह्मापेक्षा मऊ वागते, वळणात कमी जोरात शिरते. फोल्कलची सीक्रेट ९६ मात्र धातूच्या चौकटीमुळे त्यांच्याच पुरुषांच्या मँट्राच्या घराण्यातलीच वाटते. तिला संथपणे चालवणारी बाई कंटाळेल आणि दमेलही. हेडच्या जॉय मालिकेतल्या अरुंद स्की दुसऱ्या टोकाला, हलक्या आणि चपळ.

याचा अर्थ काढताना एक गल्लत होते. हलकी भरणी ही कमी कौशल्याची नव्हे, कमी वजनाची सोय आहे. पंचावन्न किलोच्या बाईला ऐंशी किलोच्या माणसासाठी केलेली स्की वाकवताच येत नाही, आणि न वाकणारी स्की वळत नाही. उलट ज्या बाईचं वजन सत्तरच्या पुढे आहे आणि वेग बरा आहे, तिने पुरुषांच्या कपाटाकडे जरूर बघावं. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती लिंडसी वॉन डाउनहिलमध्ये पुरुषांच्या स्की वापरत असे. लेबल नाही, भरणी बघायची.

आणखी एक फरक बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या खोबणीच्या, जागेचा. बायकांचा गुरुत्वमध्य सरासरीने थोडा खाली आणि मागे असतो, शिवाय लहान बुटामुळे पायाचा चवडा स्कीच्या मध्यापासून मागे पडतो. अमेरिकेतली माजी स्पर्धक जीनी थोरेन हिने बाइंडिंग पुढे सरकवा, टाचेखाली थोडी उंची द्या, असा आग्रह वर्षानुवर्षं धरला. आज काही कंपन्या बायकांच्या स्कीवरची बाइंडिंग बसवायची खूण एखाद-दोन सेंटिमीटर पुढे ठेवतात. त्याने टोक पटकन पकडतं आणि वळण सुरू करणं सोपं जातं. फार पुढे गेलं तर भुसभुशीत बर्फात टोक बुडतं.

आता लांबी

अनवाणी उभं राहा. हनुवटी आणि भुवया यांच्यामधला पट्टा हा तुमचा सुरुवातीचा अंदाज. पहिल्या काही दिवसांची नवशिकी हनुवटीजवळ, उतार आत्मविश्वासाने उतरणारी नाक ते भुवयांच्या मध्ये, वेगात आणि दाबलेल्या उताराच्या बाहेर जाणारी डोक्याइतकी किंवा थोडी जास्तही. तक्ता इथे थांबतो. आपण इथून सुरुवात करू.

दोन बायका घ्या, दोघी १६३ सेंटिमीटर. एकीचं वजन ५० किलो. ती मध्यम उतारावर सावकाश, आटोपशीर वळणं घेते. दुसरीचं ७२ किलो. तिला तीव्र उतारावर मोठी वळणं आवडतात. दोघींसमोर एकच ८८ मिलिमीटरची स्की आहे, मापं १५२, १५९, १६५ आणि १७१. पहिलीला १५२ चालेल, पण स्की टोकाशी वर वळलेली आणि मऊ असेल तर १५९ जास्त स्थिर वाटेल. दुसरीला १५९वर पहिल्या दोन वळणांत मजा येईल, तिसऱ्या वळणात वेग आला की टोक फडफडेल आणि शेपूट बाहेर निसटेल. तिची स्की १६५. ती धीट असेल आणि बर्फ खडबडीत असेल तर १७१ही चूक नाही. उंची एकच, माप दोन-तीन पायऱ्या लांब.

लांबी बदलली की नुसती फळी वाढत नाही. एकाच मॉडेलच्या आखूड मापाची त्रिज्या १२-१३ मीटर असते, तीच लांब मापात १५-१६वर जाते. कडकपणाही मापागणिक वाढवलेला असतो, कारण लांब माप जास्त वजनाच्या माणसासाठी असेल असं कंपनी गृहीत धरते. म्हणजे एक माप वर जाताना तुम्ही थोडी कडक आणि मोठ्या वळणाची स्कीही घेत असता.

स्की आखूड पडतेय हे कसं ओळखायचं? पुढे-मागे तोल सांभाळायला जागा कमी वाटते. नरम बर्फाच्या ढिगात पुढे झुकलं की नाकावर आपटायची भीती वाटते, मागे झुकलं की शेपूट साथ देत नाही. सरळ उतरताना स्की डावी-उजवी भिरभिरते. आणि बाई नकळत वेगच धरेनाशी होते, स्वतःला भित्री समजते. खरं तर तिचा वेग स्कीने अडवलेला असतो.

लांब पडणारी स्की वेगळी वागते. वळणाची सुरुवात उशिरा होते, उंचवट्यांत शेपूट अडकते, अरुंद वाटेवर ब्रेक लावायला जागा पुरत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे माणूस हळूहळू मागे बसायला लागतो. टोकावर दाब नाही, म्हणून वळत नाही, म्हणून भीती, म्हणून आणखी मागे. अशा मागे बसलेल्या स्थितीत पडणं गुडघ्याला वाईट, आणि स्कीइंगमध्ये गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आहे. त्यामुळे ‘लांबच घ्या, सवय होईल’ हा सल्लाही मला मान्य नाही.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मी असं ठरवेन. टोकाला आणि शेपटीला भरपूर रॉकर असेल, स्की मऊ असेल, बर्फ नरम असेल, तर वरचं माप. टोकापासून शेपटीपर्यंत कॅम्बर, धातू, अरुंद कंबर आणि दाबलेला उतार असेल, तर खालचं. आणि एखादी स्की जड, हट्टी वाटली तर तीच आखूड मागायच्या आधी त्याच लांबीची मऊ स्की मागा. ही अदलाबदल फार कमी जणी करतात. कडक स्की आखूड केली की ती अस्थिर होते पण मऊ होतेच असं नाही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

एक बारीक गोष्ट. कुणी स्कीची लांबी सरळ फीत ताणून मोजतं, कुणी तळाच्या वळणाबरोबर. त्यामुळे एका कंपनीची १६४ आणि दुसरीची १६४ भिंतीला शेजारी लावल्या तर वर-खाली दिसतात, एक-दोन सेंटिमीटरने सहज. छापील आकड्याच्या एक-दोन सेंटिमीटरवरून झोप उडवून घेऊ नका.

चालवून बघताना

शक्य असेल तर विकत घेण्याआधी स्की भाड्याने घेऊन बघा. तुलना करताना बूट तुमचेच हवेत, उतार तोच हवा आणि वेळही साधारण तीच. सकाळी अकराच्या आत एक स्की आणि दुपारी तीनला दुसरी चालवली तर तुम्ही स्कीची नाही, बर्फाची तुलना केलीत. बूट ढिला असेल तर कुठलीच स्की बरी वाटणार नाही.

त्याहून मोठी फसवणूक कडांची. भाड्याची स्की दहा जणांनी दगडांवरून नेलेली असते. बाहेर पडण्याआधी नखाची पाठ कडेवरून आडवी ओढा. नखाचा भुगा निघाला तर कड जागी आहे. नख नुसतं घसरलं तर कडक बर्फावर ती स्की दगा देणार आणि तुम्ही दोष मॉडेलला देणार. तळावर धातूची सरळ पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरा. कडांपाशी उजेड दिसत असेल तर मधला तळ फुगलेला आहे, अशी स्की भिरभिरते. मध्ये उजेड दिसत असेल तर कडा वर आलेल्या आहेत, अशी स्की अडकते आणि वळणातून सुटत नाही. कितीतरी ‘हट्टी’ स्की अशा नुसत्या घासून सारख्या केल्या की गुणी निघतात.

भाड्याच्या स्कीचं बाइंडिंग बहुधा पुढे-मागे सरकतं. स्की उशिरा वळतेय असं वाटलं तर एक सेंटिमीटर पुढे सरकवून मागा आणि तोच उतार पुन्हा उतरा. त्याने काम झालं तर माप बदलायची गरज नव्हती. हे बाइंडिंग जड असतं आणि पाय जरा उंच ठेवतं, तेवढी सूट निकाल देताना द्यावी.

पहिल्या उतरणीवर काही ठरवू नका. दुसऱ्या उतरणीला तीन गोष्टी मुद्दाम करा: मुंगीच्या पावलाने लहान वळणं, मग जितका वेग झेपतो त्याच्या किंचित वर मोठी वळणं, आणि शेवटी एकदम आडवं होऊन थांबणं. लहान वळणांत स्कीची चपळाई कळते, मोठ्या वळणांत तिचा शांतपणा, आणि थांबताना ती किती सहज कड सोडते ते. एकच माप तिन्हींत पहिलं येत नाही. तुमचा दिवस यांतलं काय जास्त करण्यात जातो, त्याला कौल द्या.

स्की ठरली की बाइंडिंग घेताना ब्रेकची, म्हणजे बूट सुटल्यावर खाली येऊन स्कीला अडवणाऱ्या दोन दांड्यांची, रुंदी कंबरेच्या मापाला लावून बघा. ८८च्या स्कीला ९० ते १०० मिलिमीटरचा ब्रेक बसतो. ८०चा उतरतच नाही आणि ११५चा बाजूला इतका बाहेर येतो की कलवताना बर्फात घासतो. बाइंडिंग सुटण्याचा दाब वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि चालवण्याची पद्धत यांवरून ठरतो. तो प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यायचा, मैत्रिणीचा आकडा उचलायचा नाही. पहिल्यांदा भोकं पाडताना कंपनीच्या खुणेवरच पाडा. सरकवायचं असेल तर पट्टीवर सरकणारं बाइंडिंग घ्या. जुन्या भोकांच्या अगदी शेजारी नवी पाडली तर स्क्रू नीट धरत नाहीत.